बावीस यार्डांचा हिशेब

बालमित्रांनो,

या आठवड्यात तुमच्या पत्रांच्या गठ्ठ्यात वहीचं पान फाडून लिहिलेलं एक पत्र होतं. अक्षर गोल, नेटकं. शेवटच्या दोन ओळी मात्र घाईत लिहिलेल्या. कोणीतरी खोलीत आलं असावं आणि पत्र पटकन घडी करून दप्तरात गेलं असावं! आज बाकीची पत्रं बाजूला ठेवतो आणि हे एकच वाचतो.

"ती. काकांस, सा. न. वि. वि.

मी सातवीत आहे. आमचं गाव तालुक्याचं आहे. साखर कारखाना जवळ आहे, त्यामुळे थंडीत रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्याच ट्रॉल्या असतात. माझा दादा दहावीत आहे. बाबा कामावरून उशिरा येतात, म्हणून क्लासला सोडायला आणि आणायला दादाच येतो. गाडी बाबांची. वाटेत त्याचा मित्रही बसतो, म्हणजे आम्ही तिघं. दादा गाडी छान चालवतो असं सगळे म्हणतात. पण बाजाराच्या कोपऱ्यावर वळताना मी डोळे मिटून घेते. गेल्या महिन्यात आमच्या शाळेतल्या एका मुलाला मोटारसायकलने उडवलं. तो अजून शाळेत येत नाही. मी घरी विषय काढला तर आजी म्हणाली, 'असं अभद्र बोलू नये. जे व्हायचं ते कुणाला चुकत नाही.' दादाचं नाव सांगितलं तर तो माझ्याशी बोलणार नाही. काका, मी काय करू? माझं नाव छापू नका."

नाव छापत नाही. गावाचंही नाव सांगत नाही. खरं तर सांगायची गरजच नाही, कारण हे पत्र वाचताना तुमच्यापैकी कितीतरी जणांना वाटलं असेल, 'अरे, हे तर आमचंच गाव!'

पत्र लिहिणाऱ्या मुली, तुझ्या आजीचा मान राखून आधी एक सांगतो. पाऊस कधी पडेल, भूकंप कधी होईल, हे आपल्या हातात नाही. पण रस्त्यावरचा अपघात हा भूकंप नव्हे. त्याच्या काही सवयी आहेत. तो ठरावीक वेळी येतो, ठरावीक जागी येतो, ठरावीक माणसांना गाठतो. ज्याच्या सवयी कळतात त्याला चुकवता येतं. चोर रोज कुठल्या खिडकीतून येतो हे कळल्यावर ती खिडकी उघडी ठेवून 'नशिबात होतं' म्हणणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का?

या सवयी कुठे कळतात? दरवर्षी केंद्र सरकारचं रस्ते वाहतूक मंत्रालय देशभरातल्या अपघातांचा अहवाल काढतं. २०२२ सालच्या अहवालात देशात ४,६१,३१२ अपघातांची नोंद आहे. त्यांत १,६८,४९१ माणसं गेली. दहा वर्षांपूर्वी, २०१२ साली, हा आकडा १ लाख ३८ हजारांच्या आसपास होता. म्हणजे तो वाढत गेला. एवढे मोठे आकडे डोक्यात शिरत नाहीत, म्हणून भागाकार करू. तासाला साधारण १९ माणसं. तुमची शाळेतली एक तासिका ३५ मिनिटांची धरली, तर एका तासिकेत अकरा. गणिताचा तास संपल्याची घंटा होईपर्यंत अकरा घरं अंधारात.

आता सवयी पाहा. जाणाऱ्या दर शंभर माणसांतली चव्वेचाळीस दुचाकीवरची होती आणि जवळजवळ वीस पायी चालणारी. ट्रकवाले, मोटारवाले, बसमधले लोक असे बाकीचे सगळे मिळून उरलेल्या छत्तिसात. म्हणजे ज्यांच्या अंगाभोवती पत्रा नाही, त्यांनाच जास्त फटका. तुम्ही-आम्ही त्यातच, नाही का?

दुसरी सवय. अपघात घाटात होतात, वळणावर होतात, असं आपल्याला वाटतं. पण शंभरातले सदुसष्ट अपघात सरळ रस्त्यावर झाले! वळणावर आपण जपून असतो. सरळ, गुळगुळीत रस्ता दिसला की हात आपोआप पिळला जातो. तालुक्याच्या गावांत हेच तर झालंय. पूर्वी खड्ड्यांमुळे गाडी रखडायची. आता रस्ते चांगले झाले, गाड्या घरोघरी आल्या, पण बाजाराची गल्ली, शाळेचं फाटक, एसटी स्टँडसमोरची गर्दी जिथल्या तिथेच आहे. रस्ता मोठा झाला, गाव तेवढंच राहिलं.

तिसरी सवय वेळेची. सगळ्यांत जास्त अपघात संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात होतात. म्हणजे बरोबर तुमच्या क्लासची वेळ! थंडीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्या संधिप्रकाशात दिवे लागलेले असतात, पण दिसत काही नाही. त्यातच पुढे उसाने लादलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना लाल चकाकणारी पट्टी. तो बैलगाडीच्या चालीने चाललेला, आणि मागून येणारा चाळीस-पन्नासच्या वेगाने. दिसेपर्यंत वेळ संपलेली असते.

'दिसेपर्यंत वेळ संपलेली असते' हे वाक्य जरा लक्षात ठेवा. सगळा खेळ त्यातच आहे. चला, आता मैदानावर जाऊ.

क्रिकेटची खेळपट्टी किती लांब? बावीस यार्ड. म्हणजे वीस मीटरपेक्षा अगदी किंचित जास्त. समजा तुम्ही बॅट घेऊन स्टंपांपाशी उभे आहात आणि समोरच्या स्टंपांपासून बॉलऐवजी एक स्कूटर तुमच्याकडे निघाली. वेग ताशी ४० किलोमीटर. चालवणाऱ्याला तुम्ही दिसलात. दिसल्याबरोबर गाडी थांबते का? मुळीच नाही. डोळ्यांनी पाहायचं, मेंदूने ओळखायचं, मग हाताने ब्रेक दाबायचा. यात साधारण एक सेकंद जातो. त्या एका सेकंदात गाडी ११ मीटर पुढे येते, आणि अजून ब्रेक लागलेलाच नसतो! ब्रेक लागल्यावर चांगल्या, कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी नऊएक मीटर. अकरा आणि नऊ वीस. गाडी तुमच्या बॅटला टेकून थांबते. वाचलात.

आता तीच खेळपट्टी, तीच गाडी, चालवणाराही तोच. फक्त वेग ताशी ६०. एका सेकंदात गाडी जवळजवळ १७ मीटर येते. खेळपट्टी संपत आली आणि ब्रेक आत्ता कुठे लागतोय! उरले तीन मीटर. त्या तीन मीटरांत वेग कितीसा कमी होणार? गणित करून पाहिलं तर गाडी ताशी सुमारे ५५ किलोमीटर वेगाने तुमच्यावर आदळते. तो मार किती, माहीत आहे? चार मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली पडल्यावर बसेल तेवढा.

पाहिलंत? वेग दीडपट झाला म्हणून मार दीडपट झाला नाही. एकीकडे काहीच झालं नाही आणि दुसरीकडे चार मजले. आणि यातून मिळवलं काय? क्लास घरापासून दोन किलोमीटर असेल तर चाळीसने तीन मिनिटं लागतात, साठने दोन. एक मिनिट! तेवढ्यात चपला काढून जागेवर बसणंसुद्धा होत नाही.

करून पाहा. रस्त्यावर नव्हे हं, मैदानावर! खेळपट्टीच्या एका टोकाला मित्राला उभं करा. दुसऱ्या टोकापासून टेपने १७ मीटर मोजा आणि तिथे चुन्याने रेघ मारा. 'साठचा ब्रेक इथे लागला.' मग त्या रेघेवर उभे राहून मित्राकडे बघा. तो केवढा जवळ दिसतो! मी हे काही मुलांबरोबर केलं, तेव्हा आधी सगळी खिदळत होती. रेघेवर उभी राहिल्यावर गप्प झाली.

हा हिशेब मला माझ्या दहावीच्या वर्षी कुणी सांगितला नव्हता. एक जुनी गोष्ट सांगतो. फारशी अभिमानाची नाही.

माझ्या काकांकडे लुना होती. दुपारी काका झोपले की किल्ली माझी. लायसन कसलं नि काय! मी बाजारातून भन्नाट जायचो आणि मित्र ओट्यावरून हात करायचे. एका दुपारी कोपऱ्यावर गुळाच्या ढेपा भरायला ट्रक उभा होता. अगदी वळणाला चिकटून. त्या ट्रकच्या पुढून भाजीची पाटी घेतलेल्या एक आजी रस्त्यावर आल्या. मला त्या दिसल्या तेव्हा सात-आठ मीटर उरले होते. ब्रेक दाबायचं मनात आलं तेवढ्यात आदळलो होतो. मेथीच्या जुड्या रस्ताभर. आजींचा पाय मोडला. पुढे त्या काठी टेकत बाजारात यायच्या आणि ओळखीचं हसायच्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हा सगळे म्हणाले, 'पोराची चूक नाही, ट्रकच तसा उभा होता.' काही म्हणाले, 'म्हातारीने बघून यायचं ना.' आज मी हिशेब मांडतो. ताशी वीसने जात असतो तर आठ मीटरांत थांबलो असतो. तीसने थांबायला कबड्डीच्या मैदानाची लांबी लागते, तेरा मीटर. तेवढी जागा त्या कोपऱ्यावर नव्हतीच. म्हणजे जिथे पुढचं दिसत नाही, तिथे चांगला चालवणारा आणि वाईट चालवणारा दोघे सारखेच! 'दादा गाडी छान चालवतो' हे खरं असेलही. पण ट्रकच्या पलीकडचं दादालाही दिसत नाही.

मग कोपरेच मोकळे ठेवले तर? हे एका गावाने खरोखर केलंय. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरासमोर हडसन नदीच्या दुसऱ्या काठावर होबोकेन नावाचं गाव आहे. वस्ती साठ हजारांच्या घरात, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. रस्ते अरुंद, गाड्या खच्चून. त्या लोकांनी ठरवलं, चौकाच्या कोपऱ्याला लागून गाडी उभी करायची नाही. नुसती पाटी लावून भागत नाही हे त्यांना ठाऊक होतं. (आपल्यालाही ठाऊक आहे!) म्हणून कोपऱ्यांवर खांब रोवले, सायकली लावायचे स्टँड केले, झाडं लावली. गाडी उभी करायला जागाच ठेवली नाही. रस्ता ओलांडणाऱ्याला गाडी दिसू लागली आणि गाडीवाल्याला माणूस दिसू लागला. २०२२ साली गावातली वेगमर्यादा ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर केली. २०१७ च्या जानेवारीनंतर २०२४ संपेपर्यंत त्या गावाच्या रस्त्यांवर एकही माणूस अपघातात मेला नाही. अपघात झाले, हातपाय मोडले, पण जीव गेला नाही.

तिथली माणसं काही देवमाणसं नाहीत. तीही घाईत असतात, तीही चुकतात. स्वीडन देशाच्या संसदेने १९९७ साली जे धोरण मान्य केलं, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे. माणूस चुकणारच, पण रस्त्यावरच्या एका चुकीची शिक्षा मरण असू नये. म्हणून रस्ताच असा करायचा की चूक पोटात घालेल.

आता पत्र लिहिणाऱ्या मुली, तुझ्या प्रश्नाकडे येतो.

पहिली गोष्ट, तू डोळे मिटतेस यात भित्रेपणा काही नाही. तुझ्या डोळ्यांना जे कळलंय ते मोठ्यांना अजून कळायचंय, एवढंच. दुसरी गोष्ट, तुझा दादा वाईट मुलगा नाही. बाबांना उशीर होतो, बहिणीला अंधारात एकटं सोडायचं नाही, म्हणून तो येतो. त्याच्या मित्रासमोर 'तुला चालवता येत नाही' असं म्हणू नकोस. तो चिडेल आणि मुद्दाम जोरात नेईल. दादा लोकांचा हा जुना रोग आहे, मलाही होता. त्याला रविवारी मैदानावर ने. टेप त्याच्याच हातात दे. १७ मीटरची रेघ त्यालाच मारू दे, आणि तू खेळपट्टीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहा. काही बोलू नकोस. रेघच बोलेल.

तिसरी गोष्ट, तिघं असतील तर बसू नकोस. दुचाकीवर चालवणाऱ्याच्या मागे फक्त एकाला बसता येतं, हा कायदाच आहे. आणि मागे बसणाऱ्याला हेल्मेट कशाला, असं कुणी म्हणालं तर हा आकडा सांग. २०२२ साली हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण दगावले, त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. रस्ता पुढच्याला आणि मागच्याला वेगळा मऊ लागत नाही! चार वर्षांवरच्या प्रत्येकाने दुचाकीवर हेल्मेट घालायचं, असं कायदा सांगतो. आणि हेल्मेटचा पट्टा लावायचा. डोक्यावर नुसतं ठेवलेलं हेल्मेट टोपीसारखंच उडतं.

चौथी गोष्ट, हे पान आईबाबांना दाखव. दादाची चहाडी म्हणून नव्हे. 'काकांनी तुम्हालाही दोन ओळी लिहिल्यात' म्हणून. त्या ओळी अशा.

आईबाबा, सप्रेम नमस्कार. पोरगं गाडी शिकलं की आपल्याला कौतुक वाटतं आणि सोयही होते, हे मी जाणतो. पण मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेला बदल जरूर माहीत करून घ्या. १८ वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. (सोळाव्या वर्षी लायसन मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचं. घरोघरी दिसणाऱ्या बहुतेक स्कूटर त्याहून मोठ्या आहेत.) पण कायदा राहू द्या बाजूला. तुमच्या लेकीला त्या कोपऱ्यावर डोळे मिटावे लागतात, एवढं कारण पुरेसं नाही का? क्लासची वेळ अर्धा तास अलीकडे घेता येते का, गल्लीतल्या चार घरांनी आळीपाळीने न्यायला जाता येतं का, मुलांनी घोळक्याने चालत किंवा सायकलवर जावं का, हे आज जेवताना एकदा बोला. मुलाला 'किल्ली ठेव' म्हणताना त्याचा अपमान होणार नाही एवढं पाहा. आजवर त्याने जबाबदारीच उचलली आहे.

आणि बालमित्रांनो, तुम्ही सगळ्यांनी काय करायचं?

जिथे पदपथ नाही तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी तुम्हाला दिसेल. संध्याकाळी फिक्या रंगाचे कपडे घाला. सायकलच्या मागे लाल रिफ्लेक्टर आहे ना, ते बघा. चिखलाने माखलं असेल तर पुसा. ट्रकच्या किंवा एसटीच्या पुढून एकदम रस्त्यावर येऊ नका. ती जाऊ द्या, मग ओलांडा. अपघात दिसलाच तर रस्त्यात धावू नका. मोठ्या माणसाला हाक मारा आणि १०८ किंवा ११२ ला फोन करायला सांगा. मदत करणाऱ्याला पोलिसांच्या लफड्यात पडावं लागेल ही भीती जुनी झाली. मदत करणाऱ्या माणसाला आता कायद्याचंच संरक्षण आहे.

शिवाय एक छोटासा अभ्यास. शाळेच्या फाटकाच्या आत उभं राहून, बाईंना किंवा सरांना बरोबर घेऊन, अर्धा तास नुसतं मोजायचं. किती दुचाकींवर तिघं होते? किती जणांनी हेल्मेट घातलं होतं? आणि शाळेजवळच्या कोणत्या कोपऱ्यावर काय उभं होतं? टेम्पो, हातगाडी, जाहिरातीचा फलक, का शाळेचीच रिक्षा? कोपऱ्याचं चित्र काढा आणि जिथून पलीकडचं दिसत नाही तिथे लाल फुली मारा. मुख्याध्यापकांच्या सहीने तो कागद नगरपालिकेत द्या. एका कागदाने काय होणार, असं म्हणू नका. लाल फुली मारलेल्या कागदावर 'नशीब' असं लिहून तो परत पाठवता येत नाही!

तुझ्या आजीला माझा नमस्कार सांग. म्हणावं, काका म्हणतात, जे व्हायचं ते होतं हे खरं, पण कोपऱ्यावर दादाने वेग कमी केला तर 'जे व्हायचं ते' थोडं निराळं होतं. आणि पुढच्या पत्रात मला एवढंच कळव, की रविवारी मैदानावर दादा काय म्हणाला.

तुमचाच,
काका